मोटर वर काढायच्या आधी कपॅसिटर बघा

प्रश्न थोडक्यात असा: "मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका खेड्यात राहते. दीड वर्षापासून यूट्यूबवर आमच्याकडच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकते. ६३ व्हिडिओ झाले, ८४० सबस्क्रायबर आहेत. हल्ली व्हिडिओ करते, एडिटही करते, पण टाकायला हात धजत नाही. ११ व्हिडिओ मोबाइलमध्ये तसेच पडून आहेत. एक जण लिहितो 'ही कुठली मराठी?' दुसरा लिहितो 'कन्नडदल्लि माताडि', म्हणजे कन्नडमध्ये बोला. दीर म्हणतात, चार लोकांत तोंड दाखवून मिळतंय काय? आता मलाच वाटायला लागलंय की आपल्याला काही येत नाही. तुम्ही इतकी वर्षं कसं निभावलंत?"

ताई, आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे सल्ला कोण देतंय ते कळेल. निपाणीत माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं, दुकान आहे. चौदाव्या वर्षी मामांच्या हाताखाली लागलो. आयटीआय नाही, डिप्लोमा नाही. २०१७ च्या जानेवारीत पहिला व्हिडिओ टाकला, कारण जिओ आल्यापासून गिऱ्हाईक फोनवर व्हिडिओ बघून मलाच शहाणपण शिकवायला लागलं होतं. म्हटलं, मग आपणच करू. महिनाभरात त्याला ३८ व्ह्यूज आले, त्यातले निम्मे माझेच. आता चारशेवर व्हिडिओ झालेत. दुकान अजून चालू आहे आणि घर त्याच्यावरच चालतं, हेही सांगून ठेवतो. नाहीतर व्हिडिओवाला म्हटला की लोकांना बंगला दिसतो.

आमच्या दुकानात रोज एक तरी माणूस येतो आणि म्हणतो, "मालक, मोटर जळाली." मी विचारतो, बटण दाबल्यावर घुर्र आवाज येतोय का? फ्यूज जातोय का? रात्री व्होल्टेज किती होतं? त्याला यातलं काही सांगता येत नाही. बोअरमधली मोटर वर काढायची म्हणजे चार माणसं, चेनपुली, पाइपाची एकेक लेंथ उतरवायची, अर्धा दिवस जातो. आणि वर काढून बघावं तर मोटर ठणठणीत. बिघाड असतो वरच्या पॅनलबॉक्समध्ये, मोटरला सुरू व्हायला जोर देणाऱ्या शे-दोनशे रुपयांच्या कपॅसिटरमध्ये. म्हणून मामांनी पहिल्या आठवड्यात शिकवलेलं वाक्य आजही तेच: मोटर वर काढायच्या आधी कपॅसिटर बघ.

"मला काही येत नाही" हे तुमचं वाक्य मला "मोटर जळाली"सारखंच वाटलं. ते अख्ख्या माणसाला लागू होतं आणि त्यातून काय दुरुस्त करायचं ते कळत नाही. तुमच्या चार ओळींतच मला निदान चार वेगळे बिघाड दिसले: भाषा, तोंड दाखवणं, घर-गाव आणि आकडे. पाचवा तुम्ही लिहिलेला नाही, पण तुमचे तीन व्हिडिओ बघितल्यावर मला दिसला. तो शेवटी सांगतो.

भाषेपासून सुरू करतो, कारण आपल्या भागात हेच खरं दुखणं आहे. पुण्यातल्या मुलीला वाटतं, मी दिसते कशी? आपल्याला त्याच्याही आधी वाटतं, मी बोलते कशी? मलाही वाटलं होतं. २०१८ मध्ये कुणीतरी लिहिलं, "माहिती चांगली, पण मराठी सुधारा." मी ते मनावर घेतलं. पुढचे वीसेक व्हिडिओ मी टीव्हीवरच्यासारखे केले. "मित्रांनो, आपण पाहू शकता की सदर मोटरचे बेअरिंग खराब झालेले आहे." तंबाखूचं गोदाम सांभाळणारा माझा एक जुना गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणाला, "मालक, बातम्या द्यायलाय काय?" हसलो, पण रात्री बसून व्हिडिओचा आलेख बघितला. लोक कुठपर्यंत बघतात आणि कुठे सोडतात ते यूट्यूबच्या स्टुडिओ अ‍ॅपमध्ये रेघेने दिसतं. त्या वीस व्हिडिओंत पहिल्या अर्ध्या मिनिटातच रेघ धाडकन खाली होती. आणि माझं मला कळत होतं का, तर कळत होतं. त्या भाषेत बोलताना मला हत्यारांची नावंच आठवत नव्हती. पुलर म्हणायचं की 'बेअरिंग काढण्याचे साधन' या विचारात हात थांबत होता. हात थांबला की बघणाऱ्याला लगेच कळतं, ह्याला येत नाही.

गंमत बघा, आमच्या निपाणीत "काय करायलाय?" म्हणतात आणि तुमच्याकडे "काय करूलालाय?" तुमचं-माझं अंतर शंभरेक किलोमीटरच. तुमच्या एका व्हिडिओत तुम्ही "पीठ मळूलालोय" म्हणता म्हणता थांबलात आणि "मळत आहे" असं दुरुस्त केलंत. तिथे तुमचा चेहरा पडला. मी तो भाग दोनदा बघितला. भाषेची चूक मला कुठे दिसली नाही, तुमचं थांबणं मात्र दिसलं. बेळगावच्या बाजारात कुंदा विकणारा एका दमात मराठी, कन्नड, हिंदी बोलतो आणि तिन्हीत माल खपवतो. त्याला कुणी "शुद्ध बोल" म्हणत नाही. आणि शुद्ध म्हणजे तरी काय? अक्का, अण्णा, अडकित्ता, तूप हे कानडीतून आलेले शब्द म्हणून शाळेच्या व्याकरणात पाठ करून घेतात, पण तूप वाढताना कुणाला कानडी आठवत नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या शिवपुत्र कोमकलीमठांच्या घरची भाषा कन्नड होती. मराठी माणूस त्यांना कुमार गंधर्व म्हणून आपल्या घरातलंच समजतो. हे मी अभिमानाची पताका लावायला सांगत नाही. आपल्याकडे भाषा अशाच मिसळून आल्यात, एवढंच म्हणायचंय.

पण एका बाबतीत टीका करणाऱ्याचं ऐकायचं. बोलणं कळलं नाही म्हणून कुणी विचारत असेल तर तो टोमणा नाही, तक्रार आहे, आणि ती दुरुस्त होते. तुम्ही म्हणता ती वस्तू सोलापूरच्या बाईला त्याच नावाने माहीत असेलच असं नाही. तेव्हा बोलायचं आपल्या तोंडचं आणि पडद्यावर पट्टी टाकायची. नाचणी म्हटलं की खाली 'रागी' लिहा. रताळी म्हटलं की 'गेणसु'. ज्वारीची भाकरी आली की 'जोळद रोट्टी'. व्हिडिओच्या खाली साहित्याची यादी मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही द्या. दहा मिनिटांचं काम आहे, शाळेत कन्नड शिकलेलं पोर घरात असेल तर पाच मिनिटांचं.

याच्यातून "कन्नडदल्लि माताडि"चाही अर्धा प्रश्न सुटतो. हे वाक्य दोन प्रकारची माणसं लिहितात. एखाद्या बैलहोंगलच्या बाईला तुमची भाकरी आवडलीय, पण तुमचं बोलणं कळत नाही. ती विनंती करतेय. तिला कन्नडमध्ये दोन ओळी लिहा, चुकल्या तरी चालतील, ती खूश होईल. माझे कितीतरी बघणारे गोकाक-अथणीकडचे शेतकरी आहेत. ते कन्नडमध्ये विचारतात, मी मोडक्या कन्नडमध्ये सांगतो, मोटर चालू होते. दुसरा जो असतो त्याला भाकरीशी काही देणंघेणं नसतं. त्याला भांडण हवं असतं, आणि अशी माणसं दोन्ही बाजूंना आहेत, उगाच एकाच बाजूचं नाव घेऊ नका. १ नोव्हेंबर जवळ आला की हे पीक जोरात येतं. इकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, तिकडे मराठी लोकांचा काळा दिवस, आणि मध्ये आपल्या सबमर्सिबल पंपाच्या व्हिडिओखाली दीडशे कॉमेंटांची मारामारी. मी त्या आठवड्यात नवीन व्हिडिओ टाकतच नाही. त्याला कुणी भित्रेपणा म्हणेल. पेरणीच्या दिवशी वळीव आला तर आपण घरी बसतो, त्याला कुणी भित्रा म्हणत नाही.

स्टुडिओच्या सेटिंगमध्ये नको असलेल्या शब्दांची यादी टाकता येते. त्या शब्दाची कॉमेंट आली की ती लोकांना दिसत नाही, तुमच्याकडे तपासायला थांबते. शब्द तीन लिप्यांत टाका: देवनागरीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजी अक्षरांत, कारण शिव्या बहुतेक इंग्रजी अक्षरांतच येतात. जो माणूस पुन्हा पुन्हा येतो त्याला चॅनेलवरून लपवायची सोय आहे. त्याला ते कळवलं जात नाही. तो बिचारा एकटाच लिहीत बसतो.

आता तोंड आणि आवाज. यावर थोडक्यात सांगतो. आपला रेकॉर्ड केलेला आवाज सगळ्यांनाच चिरका वाटतो, कारण एरवी तो आपल्याला कानाबरोबर कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो आणि हाडातून आलेला आवाज जाडसर, भरलेला असतो. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो. म्हणजे जग पहिल्यापासून तुमचा तोच आवाज ऐकतंय, नवीन तुम्हाला एकटीला आहे. चेहऱ्याचंही तसंच: आरशात उलटा बघायची सवय, व्हिडिओत सुलटा दिसला की भांग भलत्याच बाजूला वाटतो. दोन्हीला उपाय सवयीचा. स्वयंपाकघरात आवाज घुमत असेल तर समोरच्या भिंतीवर एक वाकळ टांगा आणि पदराला लावायचा साधा वायरचा माइक घ्या. तोंड दाखवायचंच नसेल तर नका दाखवू. भाकरी थापणारे हात दिसले तरी पुरे. माझ्या पहिल्या साठ व्हिडिओंत माझे फक्त काळे हात आहेत.

गावाचं मात्र जरा अवघड आहे. पुस्तकी सल्ला काय असतो, की तुम्हाला वाटतं तेवढं तुमच्याकडे कुणी बघत नसतं. त्याला आधारही आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात एक प्रयोग झाला, २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं आणि मग विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांना वाटलं, निम्म्यांच्या. लक्षात आलं होतं जेमतेम पावभर लोकांच्या. छान आहे. पण तो प्रयोग करणारे खानापूर तालुक्यातल्या दोनशे उंबऱ्याच्या गावात राहायला आले नव्हते. तिथे सुनेने नवीन चप्पल घातली तरी संध्याकाळपर्यंत वेशीला कळतं. तेव्हा "कोणी बघत नाही" असं मी तुम्हाला सांगणार नाही. बघतात. बोलतात पण. माझ्या अनुभवात नव्या गोष्टीवर गाव तीन-चार महिने बोलतं, मग त्याला दुसरं काहीतरी सापडतं. तुम्हाला दीड वर्ष झालंय. गावाचं बोलून संपलंय, घरातलं राहिलंय.

दिरांचा प्रश्न मला रास्त वाटतो, रागावू नका. "मिळतंय काय" याला तुमच्याकडे उत्तर नाही म्हणून ते बोचतं. उत्तर तयार ठेवा. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तास बघितले जाणं लागतं. ४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. एक माणूस सरासरी तीन मिनिटं बघत असेल तर ८०,००० वेळा व्हिडिओ बघितला गेला पाहिजे. शॉर्ट्सचा दुसरा रस्ता आहे, ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज, तो सध्या सोडून द्या. हे गणित वहीत मांडून दिरांपुढे ठेवा, "आज मी इथे आहे" म्हणून. लोकांना स्वप्न सांगितलं तर हसतात, हिशोब दाखवला तर ऐकतात. आणि ते पैसे पहिल्या दिवशी हातात येत नाहीत हेही सांगा. खात्यात १० डॉलर साठले की पत्ता तपासायला पोस्टाने पिनचं पत्र येतं, आणि १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. माझं पहिलं पत्र आलंच नाही, कारण मी पत्त्यात गल्लीचं नाव घातलं नव्हतं. दुसऱ्यांदा मागवलं तेव्हा पोस्टमन म्हणाला, "परदेशातनं तुम्हाला काय आलंय हो?" त्या दिवशी गल्लीत माझी किंमत वाढली. पैशाने तोवर काही वाढलं नव्हतं.

घरातल्या दुसऱ्या काही गोष्टी मात्र गप्प राहून सांभाळायच्या. मुलांचे शाळेच्या गणवेशातले चेहरे, घराचा दरवाजा, रोज एकटी जाता ती विहिरीची वाट, हे व्हिडिओत येऊ देऊ नका. आपला नेहमीचा फोन नंबर कुठेही लिहू नका. सासूबाईंना हौस असेल तर जरूर घ्या, पण प्रत्येक वेळी विचारून. एकदा हो म्हटलं म्हणजे कायमचं हो नव्हे.

आकड्यांबद्दल एवढंच की, रोज बघू नका. व्हिडिओ टाकल्यावर पहिले दोन दिवस मी अ‍ॅप उघडत नाही. थंबनेल दिसलेल्या शंभरातले किती जण त्यावर दाबतात याचा आकडा तिथे दिसतो. यूट्यूब स्वतः सांगतं की निम्म्या चॅनेलांचा तो २ ते १० टक्क्यांत असतो. म्हणजे शंभरातले नव्वद लोक तुमच्याजवळून पुढे गेले तरी काही बिघडलेलं नसतं. बाजारात भाजीपाशी शंभर माणसं जातात आणि पाच थांबतात, म्हातारी काही दुकान बंद करून घरी जात नाही.

इथवर मी जे सांगितलं त्यात शंका खोटी होती, किंवा तिचं दुखणं दुसरीकडे होतं. आता खऱ्या शंकेचं सांगतो, आणि यासाठीच एवढं लांब लिहायला बसलो.

२०१९ मध्ये मी मोटर उलटी फिरत असेल तर काय करायचं यावर व्हिडिओ केला. थ्री फेज मोटर असेल तर कुठल्याही दोन फेज बदलल्या की दिशा बदलते. हे बरोबर. सिंगल फेजला तसं चालत नाही, तिथे फक्त स्टार्टिंग वाइंडिंगची, म्हणजे मोटर सुरू करून देणाऱ्या तारेच्या वेटोळ्याची, टोकं बदलावी लागतात. मला हे झोपेतसुद्धा येतं. पण त्या दिवशी दुकानात गर्दी, घाईत बोललो, आणि समोर सिंगल फेज मोटर ठेवून म्हणालो, "कुठल्याही दोन वायरी बदला." टाकताना मनात खुटखुटलं होतं. काहीतरी राहिलंय असं वाटत होतं. पण तेव्हा नुकतंच कुठेतरी ऐकलं होतं की शंका आली की सरळ बटण दाबायचं, धाडस करायचं. दाबलं.

नऊ दिवसांनी फोन आला. हुक्केरीकडचा शेतकरी. त्याची सिंगल फेज सबमर्सिबल होती, एक एचपीची. तिच्या तीन वायरी वर पॅनलला येतात. व्हिडिओ बघून त्याने दोन बदलल्या. मोटर घुरघुरली, आणि स्टार्टिंग वाइंडिंग गेलं. तो शिव्या देत नव्हता, म्हणून जास्त लागलं. म्हणाला, "मालक, तुम्ही सांगितलंय तसंच केलं की."

मी त्याला मोटर घेऊन यायला सांगितलं. पाण्याने भरलेल्या मोटरीला एकेक टर्न हाताने स्लॉटमधून ओवावा लागतो. जुनी वायर कापून काढली, टर्न मोजले, कागदावर लिहिले, रात्री साडेबारापर्यंत ओवत बसलो. पैसे घेतले नाहीत. तोवर तो व्हिडिओ मी काढून टाकला होता, लाजेने, कुणाला न सांगता. मोटर परत देताना लक्षात आलं की काढून टाकून उपयोग नाही. ज्यांनी आधीच बघितलाय त्यांच्या डोक्यातून तो निघालेला नाही. मग ती मोटर समोर ठेवून नवीन व्हिडिओ केला: मी काय चुकीचं सांगितलं आणि त्याने काय झालं. चुकीच्या व्हिडिओला नऊ दिवसांत जेवढे व्ह्यूज आले होते तेवढे दुरुस्तीच्या व्हिडिओला वर्षभरात आले नाहीत. जगाची रीत. पण त्यानंतर एक पद्धत पडली. टाकायच्या आधी मनात जे खुटखुटतं ते एका ओळीत कागदावर लिहायचं. "वायरीचं बरोबर बोललो का?" ही शंका तपासता येते. सिरीज लॅम्प, म्हणजे वायर तपासायचा दिवा, लावला की कळतं, दिवा लागतो किंवा लागत नाही. "लोक काय म्हणतील?" याला लावायचा लॅम्प माझ्या दुकानात नाही. पहिल्या जातीच्या शंकेसाठी व्हिडिओ थांबवायचा, मग आठवडा लागला तरी चालेल. दुसऱ्या जातीची शंका कागदावर लिहून झाली की कागद खिशात आणि व्हिडिओ बाहेर.

१९७८ साली पॉलीन क्लान्स आणि सुझान इम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दीडशेवर यशस्वी बायकांचा अभ्यास मांडला. पदव्या, नावलौकिक सगळं असून या बायकांना वाटायचं, आपण फसवतोय, एक दिवस पकडले जाऊ. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बरं वाटलं, कारण आयटीआय नाही म्हणून मला रोज तसंच वाटायचं. पण मोटर जळाल्यानंतर मला असंही वाटतं की त्या भीतीचा एक तुकडा कामाचा आहे. तो काढून टाकला असता तर मी अजून दोन वायरी बदलायला सांगत असतो.

म्हणून तुमच्या ११ व्हिडिओंकडे येतो. त्यातले दोन पावसाळ्यातल्या रानच्या अळंबीचे आहेत असं तुम्ही लिहिलंय, आणि त्यात अळंबी कशी ओळखायची तेही सांगितलंय. ते दोन टाकू नका. तिथे हात धजत नाही तो बरोबरच धजत नाही. तुमच्या आजीने तुम्हाला रानात नेऊन, हातात देऊन, वास घ्यायला लावून शिकवलंय. बघणाऱ्याला पाच इंचाच्या पडद्यावर विषारी आणि खायची यातला फरक कळणार नाही, आणि चुकली तर मोटर भरून देता येते तसा माणूस देता येत नाही. शिवाय तुमच्या तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, त्या बाजूच्या रानातलं काही गोळा करताना दाखवणं अंगाशी येईल. बाजारातून विकत आणलेल्या अळंबीची भाजी दाखवा, ओळखायचा धडा काढून टाका. काढा आणि घरगुती औषधांनाही हाच नियम लावा.

उरले नऊ. ते पुन्हा पुन्हा स्वतः बघू नका, दहाव्यांदा बघितलेली कुठलीही गोष्ट वाईटच दिसते. 'अनलिस्टेड' करून लिंक तीन बायकांना पाठवा, पण "कसा झालाय?" विचारू नका. "छान झालाय" एवढंच उत्तर येईल. विचारा, "कुठे आल्यावर फोन खाली ठेवलास?" आणि "कुठलं कळलं नाही?" तेवढं दुरुस्त करा आणि मग शेड्यूल लावा. दिवस आणि वेळ ठरवून दिली की तो आपोआप प्रसिद्ध होतो. डोकं शांत असताना सकाळी ठरवायचं, संध्याकाळी तो बाहेर पडेल तेव्हा तुम्ही म्हशीची धार काढत असाल. बटण दाबायचा तो क्षणच राहत नाही. मी २०२० पासून असंच करतो. अजूनही माझा हात बटणापाशी थरथरतो, म्हणून मी त्याच्या वाटेलाच जात नाही.

एक गोष्ट वेगळी सांगतो. व्हिडिओ सोडून इतर वेळीही मन लागत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर हे व्हिडिओचं दुखणं नव्हे. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा, सरकारी नंबर आहे, मोफत, चोवीस तास. लॉकडाऊननंतर माझ्या धाकट्या भावाला डॉक्टरांकडेच न्यावं लागलं होतं. त्याला आम्ही सहा महिने "मन खंबीर कर" सांगत बसलो, ते सहा महिने फुकट गेले.

आता तो पाचवा बिघाड. तुमची रताळ्याची पोळी आमच्या घरी करून बघितली. मिसेसनी फोन डब्याला टेकवून ठेवला आणि तुम्ही सांगाल तसं करत गेल्या. तुमचं बोलणं शंभर टक्के कळलं, एकदाही "काय म्हणाली?" झालं नाही. पण तुम्ही म्हणालात "गूळ अंदाजाने", आणि उकडलेल्या रताळ्यातलं पाणी काढायचं की ठेवायचं ते सांगितलंच नाहीत. आमचं सारण सैल झालं, तीन पोळ्या तव्यावरच फुटल्या, चौथी मी चमच्याने खाल्ली. चवीला फार चांगली होती. पुढच्या व्हिडिओत वाटी दाखवून माप सांगा. आणि त्याच्या आधी, जमलं तर, किलोभर रताळ्याला गूळ किती घालायचा तेवढं मला कळवा. अमावास्येला दुकान बंद असतं, तेव्हा परत करायचं ठरलंय.